तासाचं तर आहे

मांद्रे, गोवा
१७ ऑगस्ट २०२५

अक्काला बसूचा शरणार्थ.

तुझं पत्र पोचलं. चहाच्या टपरीवर पडून होतं. टपरीवाल्यानं त्यावर बशी ठेवली होती, त्यामुळं पहिल्या चार ओळींवर गोल डाग पडलाय. तेवढ्या सोडून सगळं वाचलं. त्या चार ओळींत मला शिव्या असतील तर त्या पुन्हा लिहू नको.

फोनवर तू मला सारखी मुद्द्याचं बोल म्हणतेस. मुद्द्याचं माझ्याकडं कधी काही नसतंच, म्हणून मला हे लिहिणंच बरं वाटतं. कागद मध्येच तोडत नाही.

पावसाळ्यात इथले समुद्रावरचे शॅक बंद असतात. मी एका खाणावळीत वाढप्याचं काम धरलंय. लिंगायताचं पोरगं माशाचं कालवण वाढतंय (ही ओळ अप्पांना वाचताना गाळ). मालकीण चांगली आहे. तिला एक पोपट आहे, तो फक्त कोकणीत शिव्या देतो. मी त्याला कन्नड शिकवतोय. अजून 'बा' एवढंच येतं, पण स्वच्छ म्हणतो.

हां, विमान. आपल्या घरावरनं गोव्याचं विमान जातं म्हणून तू लिहिलंस, ते मी खाणावळीतल्या गिऱ्हाइकांकडनं ऐकलं होतं. मोबाईलवर बघितलं. मोपा विमानतळ ते सोलापूर हवेतनं तीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि वेळ तासभर. खालनं बेळगाव, विजापूर करत यायचं तर अख्खी रात्र एसटीत. म्हणजे बघ, घर तेच, मी तोच.

अप्पांच्या जीपला अक्कलकोट ते सोलापूर तासच लागायचा ना? मग त्यांना सांग, बसू आता अक्कलकोटला आहे समजा. कधीही गाडीत बसेल आणि येईल.

दाजींना नमस्कार.

तुझा
बसू


होटगी रोड, सोलापूर
९ सप्टेंबर २०२५

बसू,

तुझं पत्र अप्पांना वाचून दाखवलं. कालवणाची ओळ गाळली, पण तिथं मी जरा अडखळले. लगेच म्हणाले, "मासं वाढतोय व्हय? मग खात बी आसंल. खाऊ दे." मी गाळलेलं त्यांना माझ्या आवाजावरनं कळतं.

हे पत्र मात्र त्यांना न सांगता लिहितेय, कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत. शाळेच्या गणवेशांची शिलाई जोरात आहे, सुपरवायझर डोक्यावर उभा असतो, त्यामुळं अक्षर वाईट आलं तर चालवून घे. आपल्या घरात एकच खोली. फोनवर मी काही बोलले की त्यांच्या कानावर जातं, आणि कारखान्यात फोन जमा करून घेतात, म्हणून कागद.

तू ते अक्कलकोटचं लिहिलंस ते त्यांना फार आवडलं. आता जो येईल त्याला सांगतात, बसू अक्कलकोटच्या अंतरावर आहे. विमान आलं की कट्ट्यावर येऊन उभे राहायचे. आता उभे राहात नाहीत, बसूनच बघतात. पाय सुजलेत. मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. हृदय निम्म्यानंच काम करतंय म्हणाले. गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं, आणखी कोण कोण आहे घरात? मी तुझं नाव सांगितलं. बोलावून घ्या म्हणाले. आजच असं नाही, पण बोलावून घ्या.

अप्पा कळवू देत नाहीत. म्हणतात, तासावरच्या माणसाला दुखणं कळवत बसायचं नसतं, वेळ आली की हाक मारायची.

बसू, पूर्वी तू रात्रभर एसटीत बसून वर्षातनं दोनदा यायचास. विमान सुरू झाल्यापासून एकदाही आला नाहीस. पंचमीलासुद्धा नाही. ये.

उत्तरात यातलं अक्षर लिहू नको. तुझं पत्र आलं की मी कामावरनं येईपर्यंत ते पाकीट हातात धरून बसलेले असतात.

अक्का


मांद्रे
५ ऑक्टोबर २०२५

अक्काला आणि अप्पांना शरणार्थ.

अक्का, तू लिहिलेलं सगळं समजलं. त्यावर मी काही लिहीत नाही. फक्त एवढंच, तू लहानपणापासून घाबरट. मला गोवर आला होता तेव्हा तू मी मेलोच म्हणून गल्लीभर सांगून आली होतीस. डॉक्टर लोक असं बोलतातच. बाकी काही लिहीत नाही.

परवा सुट्टी होती म्हणून मोप्याला विमान बघायला गेलो. वाटेत विजापूरच्या इंडीकडचा एक गवंडी भेटला. आपली बोली ऐकून तो रडायलाच लागला, त्याच्या भावाचं आणि त्याचं विहिरीवरनं भांडण आहे. विहीर कुणाची, मोटर कुणाची, हे सगळं ऐकेपर्यंत सोलापूरचं विमान लागलं सुद्धा. लांबनंच दिसलं. पंख्याचं आहे, छोटं. अप्पांनी माणसं भरली असती तर चार जीपांत तेवढी बसली असती आणि वर कोंबड्या.

ते उडालं तेव्हा मनात आलं, हे आता आपल्या कट्ट्यावरनं जाणार. मी पण जाऊन येईन. पण आता शॅक उभे करायचे दिवस आहेत, बांबू, झावळ्या, सगळी गडबड. मालकीण म्हणते दिवाळीत सोडणार नाही. दिवाळी झाली की येतो. तासाचं तर आहे.

पोपट आता 'बा, कुंडर' म्हणतो. ये, बस. गिऱ्हाईक घाबरतं.

बसू


होटगी रोड, सोलापूर
१६ नोव्हेंबर २०२५

बसूला चनबसप्पाचा आशीर्वाद. मी सांगतो हाय, कस्तुरा लिवती हाय. जसं सांगतो तसंच लिव म्हणून तिला दम दिलाय.

कस्तुरानं तुला चोरून लिवलं ते मला कळलं. तुज्याच पत्रावरनं कळलं. काय बी लिवत न्हाय, काय बी लिवत न्हाय, म्हणत दोनदा लिवलास. तुला गुपित ठेवायला येत न्हाय, तुला जलम दिल्याल्या अव्वाला बी येत नव्हतं. तिला मी बोललो न्हाय. डॉक्टरचं म्हणशील तर त्यानं माजी गाडी कदी चालवल्याली न्हाय. माजं बरं हाय. दम लागतो जरा. रात्री डोक्याखाली उसं उंच लागतं.

तू गडबडीनं येऊ नको. ह्या बारीला एका जागी टिकलास, मालकीण सोडत न्हाय म्हणतोस, लई चांगलं वाटलं. अशी माणसं तुला कदी मिळाली नव्हती. आदी पुण्याला गेलास, मग हुबळीला, मग ते ट्रकबरोबर कुटं कुटं. मी काय म्हणलो न्हाय. पर तू लांब हायेस असं वाटायचं. आता वाटत न्हाय.

मी जलमभर वडाप मारली, जीप भरून माणसं नेली. अक्कलकोटच्या माणसाला कदी घाई नसती. जेवून निघतो, झोपून निघतो, तरी पोचतो. गाडी गेली आन् माणूस ऱ्हायला असं माज्या हातनं कदी झालं न्हाय. गाडी गच्च भरली तरी एकाला जागा होती. जरा सरकून घ्या म्हणलं की होती. विमानात बी तसंच आसंल की, शीटं मऊ असतील एवडंच.

वेळ आली की मी हाक मारतो. तवा निघ.

चनबसप्पा

(बसू, हे त्यांनी सांगितलं म्हणून लिहिलं. तू वाट बघू नको. निघ. अक्का.)


बांदा, सिंधुदुर्ग
२१ डिसेंबर २०२५

अक्काला आणि अप्पांना शरणार्थ.

पत्र उशिरा मिळालं. पत्ता बदललाय. अप्पा, रागावू नका, मांद्र्याचं काम सुटलं. म्हणजे मीच सोडलं. मालकिणीचा भाऊ आला आणि त्याचं आणि पोपटाचं पटेना, त्यावरनं सुरू झालं ते माझ्यापर्यंत आलं. सगळं सांगत बसलो तर कागद पुरायचा नाही. आता इथं काजूच्या कारखान्यात आहे. बोटं काळी झालीत, पण माणसं बरी आहेत. आणि मोपा इथनं अगदी जवळ आहे. म्हणजे मी उलट आणखी अलीकडं आलो की.

अप्पा, तुमचं पत्र खिशात ठेवलंय. गाडीत एकाला जागा होतेच असं तुम्ही म्हणता, ते खरं आहे.

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला येतो. आता नक्की. विमानानं येतो. अप्पांना कट्ट्यावर बसव. दिसणार नाही, पण मी वरनं हात करीन.

बसू


होटगी रोड, सोलापूर
२ फेब्रुवारी २०२६

बसू,

तू गेल्यावर घरात आणखी शांत झालं. तू इथं होतास तोवर मी तुझ्याशी धड बोलले नाही, ते तुला कळलं असेलच. माणसं सारखी येत होती, त्यांच्यासमोर बोलायचं नव्हतं. आता विचारते.

गड्ड्याच्या आधल्या आठवड्यात, त्या दिवशी सकाळी मी फोन केला. अप्पांनी सांगितलं म्हणून केला. म्हणाले, हाक मार त्याला. मी तुला तेवढंच सांगितलं. तू म्हणालास, "आलोच." मी अप्पांना सांगितलं, आलोच म्हणाला. दुपारचं विमान आलं. अप्पा त्यानंतर थोड्या वेळात गेले.

मग तुझी वाट बघितली. आपल्याकडं बसवतात तसं त्यांना भिंतीला टेकवून बसवलं, कपाळाला विभूती लावली, हार घातला. माणसं जमली. स्वामी आले. उन्हं उतरायच्या आत माती देऊ म्हणत होते, पण सगळेच म्हणाले, पोरगा गोव्यात आहे, तासाचं तर आहे, थांबू. लांब असतास तर कुणी थांबलं नसतं. मी फोन लावत होते, तू उचलत नव्हतास. दाजी विमानतळावर जाऊन आले. तिथं कुणी नव्हतं. अंधार पडला तेव्हा माणसं एकमेकांकडं बघायला लागली, मग माती सकाळवर ठेवली.

तू दुसऱ्या दिवशी सकाळी आलास. एसटीनं.

मला फक्त एवढं सांग, तू कुठं होतास? वाटेत कुणी भेटलं होतं का?

कस्तुरा


बांदा
९ फेब्रुवारी २०२६

अक्का,

तू खाली कस्तुरा असं लिहिलंस. मी दोनदा वाचलं.

कुणी भेटलं नव्हतं. सांगतो, आणि यावेळी इकडं तिकडं न जाता सांगतो.

तुझा फोन आला तेव्हा मी कारखान्यात भट्टीजवळ होतो. अंगावरच्या कपड्यांवर निघालो. एका पोरानं मोटरसायकलवर मोप्याला सोडलं. विमानाला अजून वेळ होता. म्हणून तुला आलोच म्हणालो ते खोटं नव्हतं, मी वेळेत होतो. फक्त तिकीट नव्हतं. ते तिथं जाऊन काढतात असं मी धरून चाललो होतो. बाकी सगळं असंच तर मिळतं आयुष्यात, स्टँडवर जाऊन.

आत सोडत नाहीत. बाहेर एक काचेची खिडकी आहे, तिथं मुलगी होती. तिनं बघितलं आणि म्हणाली, "सर, आजचं फुल आहे."

मी म्हणालो, "एकटाच आहे मी. सामान पण नाही."

"सर, सीट नाही."

"सीट नको. मागं कुठंतरी उभा राहतो. तासाचं तर आहे."

ती हसली नाही, अक्का. हसली असती तर बरं झालं असतं. मी ड्रायव्हरजवळ बसतो म्हणालो. मग वडील आहेत म्हणालो. ती म्हणाली, "सर, तसं नसतं." अगदी हळू म्हणाली. मग म्हणाली, कुणी रद्द केलं तर सांगते, थांबा.

मी त्या खिडकीसमोर थांबलो. तू फोन करत होतीस, मला दिसत होतं. उचलला असता तर तू विचारलं असतंस, बसलास का. मी नाही म्हणालो असतो. तू काही न बोलतासुद्धा तुझ्या आवाजावरनं अप्पांना कळलं असतं. त्यांनी हाक मारली आणि मला जागा मिळाली नाही, हे त्यांना ऐकू द्यायचं नव्हतं. म्हणून उचलला नाही. नंतर तू लावत राहिलीस, तेव्हा ते गेलेले होते हे मला कसं कळणार?

शेवटी त्या मुलीनं खिडकीतनं हात केला. मी धावत गेलो. ती म्हणाली, दोन माणसं आलीच नाहीत. मी म्हणालो, मग झालं की. ती म्हणाली, आता वेळ संपली, दार बंद झालं. तिच्या हातात काही नव्हतं. दोन जागा रिकाम्या घेऊन विमान गेलं. मी कुंपणाला धरून बघितलं. माझ्यापेक्षा आधी ते तुमच्याकडं पोचणार हे माहीत होतं.

मग पणजी, बेळगाव, विजापूर. रात्रभर शेजारी एक बाई होती, तिच्या मांडीवर पोर. तिनं मला सरकून जागा दिली होती.

बसू


होटगी रोड, सोलापूर
१७ फेब्रुवारी २०२६

माझ्या धाकट्या तम्मा,

तुझं पत्र आलं ते पाकीट मी किती तरी वेळ न फोडता हातात धरून बसले. वाचून दाखवायला कुणी नाही, हे लक्षातच येत नाही.

माझ्या मनात काय काय आलं होतं ते आता लिहीत नाही. तुला फोनवर मी फक्त 'हाक मारलीय' म्हणाले, 'आत्ता जातायत' असं म्हणाले नाही, कारण ते ऐकत होते. तू उचलला नाहीस कारण ते ऐकतील. ते मात्र दोघांचंही ऐकायला तयार बसले होते.

तुला एक सांगायचं राहिलंय. तू इथं असताना सांगायला हवं होतं. रागानं नाही सांगितलं. तुला ते द्यायचंच नव्हतं.

त्या दिवशी दुपारी विमानाचा आवाज आला. अप्पा डोळे मिटून होते. आवाजाबरोबर डोळे उघडले आणि म्हणाले, "आला." मलाही तसंच वाटलं. मी त्यांच्या पाठीशी उशी लावली. मग ते बोलायला लागले, हळू, मध्ये थांबत, पण मला सगळं ऐकू येत होतं. वडाप मारायचे तेव्हा गाडी कुठवर आली असेल हे स्टँडवर बसून सांगायचे ना, तसं.

म्हणाले, "उतरला. पायऱ्यांवर उभा ऱ्हाऊन बघतोय इकडं तिकडं. मागची माणसं खोळंबली."

मग म्हणाले, "बाहेर आला. रिक्षावाला जास्त मागतोय. न्हाय बसला. चालत निघाला."

मी म्हणाले, अप्पा, दम लागेल, बोलू नका. तर मलाच म्हणाले, "चुलीवर पाणी ठेव, पाय धुवायला." मी ठेवून आले. तोवर तू रस्ता ओलांडून आपल्या गल्लीत शिरला होतास. त्यांच्या चेहऱ्यावर असं होतं की, काय सांगू, गाडी वेळेत आली की त्यांचा चेहरा असा व्हायचा.

मग डोळे मिटले. मला वाटलं झोपले. म्हणाले, "थांबला बग. कोपऱ्यावर भाकरीवाल्या सुंदरम्मानं हाक मारली त्याला. बोलत उभा ऱ्हायला."

मी म्हणाले, मी जाऊन आणते त्याला.

तर म्हणाले, "नगं. बोलू दे. कुणी भेटलं की थांबतोच त्यो. येतोय की आता."

आणि मग दाराकडं बघत राहिले. मी पण दाराकडंच बघत होते, म्हणून मला लगेच कळलं नाही.

बसू, त्यांच्या लेखी तू पोचला होतास. जागा मिळाली होती तुला. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

अक्का


बांदा
२४ फेब्रुवारी २०२६

अक्का,

पत्र कारखान्याच्या मागं बसून वाचलं. पुन्हा वाचलं. आज काम झालं नाही.

मला एकच विचारायचं आहे. नीट आठवून लिही, घाई नाही.

सुंदरम्मा माझ्याशी काय बोलत होती, ते अप्पा म्हणाले का?

बसू